दुरुस्ती झाली, पण कोणाच्या फोनमध्ये?

शंकेखोर : मोबाइलच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, फट सापडली, कोट्यवधी फोन धोक्यात, अशी बातमी वर्षातून तीन-चारदा येते. मी मथळा वाचतो आणि पुढे जातो. सांगली-साताऱ्यात ज्यांचे पैसे गेले, त्यांचे कसे गेले ते बघ. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी, फाइल येते. कधी आरटीओचं चलन म्हणून येते, कधी पीएम किसानचा हप्ता अडकलाय म्हणून. माणूस ती उघडतो. फोन विचारतो, इन्स्टॉल करू का? हो. मेसेज वाचू देऊ का? हो. पुढचा ओटीपी परस्पर दुसरीकडे जातो आणि उसाच्या बिलाचे आलेले पैसे संध्याकाळपर्यंत खात्यात नसतात. यात कर्नेल कुठे आला? सगळ्या परवानग्या मालकाने स्वतःच्या बोटाने दिल्या. कर्नेल फोडायचे उद्योग मोठ्या माणसांसाठी असतात. २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अहमद मन्सूर या मानवी हक्क कार्यकर्त्याला आलेली लिंक सिटिझन लॅब या संशोधन गटाने तपासली, तेव्हा आयफोनमधल्या तीन फटी मिळाल्या. त्यातल्या दोन कर्नेलमधल्या होत्या. असली हत्यारं फार महाग असतात. तासगावच्या बेदाणा सौद्याला निघालेल्या शेतकऱ्यावर ती कोण वाया घालवणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असला हा प्रकार आहे.

आग्रही : अण्णा, एपीकेबद्दल तुमचं खरंच आहे. पण तुमच्याच उदाहरणात एक गोष्ट आहे. फोनने विचारलं, म्हणून तो माणूस नाही म्हणू शकला असता. ही विचारायची सोय टिकते कर्नेलमुळे. प्रत्येक अ‍ॅपला स्वतःच्या हद्दीत ठेवायचं, एकाची माहिती दुसऱ्याला दिसू द्यायची नाही, कॅमेरा आणि मेसेज यांना परवानगीशिवाय हात लावू द्यायचा नाही, हे सगळं शेवटी कर्नेल सांभाळतो. तोच हाताशी आला तर विचारायची गरजच राहत नाही. परवानगीच्या पडद्यावर 'नाही' दाबणारा सावध माणूसही त्यात सापडतो. आणि महागाईचं म्हणाल, तर हत्यार महाग असतं ते गुपित असेपर्यंत. एकदा फट जाहीर झाली की ती फुकट होते. जाहीर फटींना सीव्हीई नंबर देतात. त्यातली सीव्हीई-२०१९-२२१५ ही फट घ्या. प्रोजेक्ट झीरो या गूगलच्या सुरक्षा गटातल्या मॅडी स्टोन यांनी ती ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केली. हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एनएसओ ग्रुपशी संबंधित हत्यारात ती वापरली जात असल्याची माहिती त्यांना मिळाली होती, एनएसओने इन्कार केला. इथपर्यंत तुमचं बरोबर, मोठ्यांचा खेळ. पण जानेवारी २०२० मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने प्ले स्टोअरवरची तीन अ‍ॅप उघडकीला आणली. त्यातलं एक फोटोचं अ‍ॅप म्हणून मिरवत होतं आणि हीच फट वापरून फोनवर ताबा मिळवत होतं. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरची अनोळखी फाइल सोडाच, अधिकृत दुकानातून घेतलेलं अ‍ॅप.

शंकेखोर : तेही मोजक्याच मॉडेलवर चालत होतं आणि त्यामागे हेरगिरी करणारी टोळी होती, हे मीही वाचलंय. आपल्याकडचा कोण त्यात सापडला? तू मला धोका सांगतोस, नुकसान दाखवत नाहीस.

आग्रही : नुकसान दाखवणं का अवघड आहे, त्याकडे येतोच. आधी ही फट कोणत्या फोनमध्ये होती ते ऐका. प्रोजेक्ट झीरोच्या यादीत गूगलचे पिक्सेल होते, सॅमसंगचे भारी फोन होते आणि त्याच यादीत रेडमी ५ए आणि रेडमी नोट ५ होते. रेडमी ५ए नोव्हेंबर २०१७ मध्ये 'देश का स्मार्टफोन' या घोषणेसह सादर झाला. पहिल्या ५० लाख ग्राहकांना ४,९९९ रुपयांत. बऱ्याच घरांतला हा पहिला स्मार्टफोन होता. आता तारखा लावा. गूगलच्याच आपोआप चुका शोधणाऱ्या सिझकॉलर या प्रोग्रॅमने ही चूक पकडली तीही नोव्हेंबर २०१७ मध्येच. फेब्रुवारी २०१८ मध्ये, अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्स कर्नेलमध्ये आणि अँड्रॉइडच्या मूळ कर्नेलमध्ये दुरुस्ती झाली. पण ती बाजारातल्या फोनपर्यंत गेलीच नाही. अँड्रॉइडच्या दर महिन्याच्या सुरक्षा पत्रकात तिचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर २०१९ मध्ये बोंब झाली, तेव्हा दुरुस्ती आली. वीस महिने औषध तयार होतं आणि रोग्याला रोगाचं नावच सांगितलेलं नव्हतं.

शंकेखोर : चूक नेमकी काय होती, ते मला कळेल असं सांग. 'गंभीर त्रुटी' म्हटलं की माणूस घाबरतो, समजत काहीच नाही.

आग्रही : अँड्रॉइडमधली अ‍ॅप एकमेकांशी आणि फोनशी बोलतात ती बाइंडर नावाच्या कर्नेलमधल्या भागातून. बोलणाऱ्या प्रत्येक धाग्यासाठी, म्हणजे चालू कामासाठी, बाइंडर मेमरीत थोडी जागा राखतो. काही काम झालं तर कळवा, म्हणून दुसरा एक भाग त्या जागेचा पत्ता आपल्या यादीत लिहून ठेवतो. धागा संपला की बाइंडर ती जागा मोकळी करायचा, पण यादीतला पत्ता खोडायचा नाही. खरेदीखत झालं, ताबा दुसऱ्याकडे गेला, पण फेरफार नोंद झाली नाही आणि सातबारावर जुनंच नाव राहिलं, तसा हा प्रकार. त्या जुन्या नोंदीवर कोणी कर्ज उचलतो ना, तसंच इथे होतं. मोकळ्या झालेल्या जागेत हल्लेखोर स्वतःचा मजकूर ठेवतो, जुना पत्ता धरून कर्नेल तिथे लिहायला-वाचायला जातो आणि त्याच्या हातून नको ते करून घेता येतं. दुरुस्ती किती मोठी? मोजक्या ओळींची. धागा निघताना पाहायचं, याने ती यादीची सोय वापरली होती का, आणि वापरली असेल तर यादीवाल्याला कळवायचं की जागा सुटली, पत्ता खोडा. त्या ओळी आणि त्यांच्या वरची टीप आजही कोणालाही वाचता येते. सांगलीत विश्रामबागला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही त्या समजतील.

शंकेखोर : त्या मुलाला समजतील, तशा चोरालाही समजतील. माझा खरा आक्षेप इथेच आहे. दुरुस्ती उघड्यावर करायची म्हणजे चूक कुठे होती हे जगाला सांगायचं. ज्याच्या फोनला दुरुस्ती पोचते, तो सुटला. ज्याच्या फोनला पोचत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक दुरुस्ती ही चोराला दिलेली टीप ठरते. प्रोजेक्ट झीरो एरवी कंपन्यांना ९० दिवस देतो. या वेळी फट प्रत्यक्ष वापरात आहे म्हणून ७ दिवसांत जाहीर केली. पिक्सेलवाल्याला त्याच महिन्यात दुरुस्ती मिळाली. ४,९९९ रुपयांच्या फोनवाल्याने काय करायचं होतं? मन्सूर प्रकरणात तर अ‍ॅपलने कळल्यापासून साधारण दहा दिवसांत आयफोनसाठी दुरुस्ती दिली. म्हणजे चूक दोघांच्याही कर्नेलमध्ये असते, पण एकाला दहा दिवस आणि दुसऱ्याला वीस महिने. तुमची पारदर्शकता ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं रक्षण करते आणि गरिबाचा पत्ता जाहीर करते.

आग्रही : हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण त्याचा उपाय गुपचूपपणा नाही, आणि त्याचा पुरावा हीच फट आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळं तुम्हाला हवं तसंच झालं होतं. नंबर नाही, जाहिरात नाही, बोभाटा नाही. बाकी शेकडो दुरुस्त्यांत एक दुरुस्ती निमूट केली गेली. फायदा कोणाला झाला? ज्यांना रोज कर्नेलमधले बदल चाळायचा पगार मिळतो, त्यांना. फोन कंपन्यांना सुरक्षेची दुरुस्ती म्हणून कोणी सांगितलंच नाही, म्हणून त्यांनी ती उचलली नाही. चोराला कळलं आणि घरमालकाला कळलं नाही, ही स्थिती सर्वांत वाईट. २०२४ च्या फेब्रुवारीपासून लिनक्स कर्नेलची मंडळी स्वतःच आपल्या दुरुस्त्यांना सीव्हीई नंबर देतात. शंका असली तरी देतात. निदान 'आम्हाला ठाऊक नव्हतं' ही सबब तरी संपली.

शंकेखोर : सबब संपली, काम नाही संपलं. आता नंबरांचा पूर आलाय आणि त्यातला कोणता माझ्या फोनला लागू, हे ठरवायला माणसं लागतात. शिवाय साखळी केवढी लांब! लिनक्सने दुरुस्त केलं, गूगलने घेतलं, चिप बनवणाऱ्याने आपल्या कर्नेलमध्ये बसवलं, फोन कंपनीने तपासलं, मग माझ्या फोनवर सूचना. यातल्या एकाचाही माझ्याशी थेट करार नाही आणि तीन वर्षांनी कंपनी म्हणते, हे मॉडेल आता बंद. फोन मात्र बंद होत नाही. तो पोराकडून बापाकडे येतो, मग आजीकडे, नाहीतर साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या दुकानातून सेकंडहँड म्हणून दुसऱ्या घरी जातो. आणि सरकार याच फोनवर कामं टाकतं. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबारावर नोंद करायची. त्याच महिन्यात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. २ जीबी रॅमचा फोन, पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप त्यावर चालेना, तापायचा, अडकायचा, दुरुस्तीचा खर्च बाईच्या माथी. सक्ती करताना कोणी फोनचा शेवटचा सुरक्षा पॅच कधीचा हे विचारलं का? तू त्यांना म्हणणार, अपडेट करा. अपडेटच येत नसेल तर? नवा घ्या? कोणाच्या पैशाने?

आग्रही : नवा घ्या असं मी म्हणणार नाही. दोन वेगळ्या गोष्टी म्हणेन. पहिली, साखळी आखूड करता येते आणि ती होतेय. अँड्रॉइड १२ पासून नव्या फोनमध्ये कर्नेलचा मुख्य भाग सगळ्यांसाठी एकच ठेवायचा आणि चिपवाल्यांचे तुकडे बाजूला काढायचे, ही पद्धत आली. मोकळ्या केलेल्या जागेत शिरायचा प्रकार मुळात होऊच नये म्हणून बाइंडर रस्ट या भाषेत नव्याने लिहिला गेला. गूगलच्याच आकड्यांप्रमाणे अँड्रॉइडमधल्या एकूण सुरक्षा त्रुटींत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. दुसरी गोष्ट, जुन्या फोनचा मालक असहाय आहे तो कंपनीने फोन कुलूपबंद केल्यामुळे. फोन सुरू करणाऱ्या बूटलोडरचं कुलूप उघडा, लिनिएजओएससारखी दुसरी प्रणाली टाका, कंपनीने सोडलेला फोनही बरीच वर्षं दुरुस्त राहू शकतो. फोन आपला आहे ना?

शंकेखोर : आणि मग बँकेचं अ‍ॅप उघडतं का ते बघ. 'तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही' म्हणून अनेकदा हाकलून देतं. गंमत बघ, चार वर्षांपूर्वीचा पॅच असलेला, भोकं पडलेला कंपनीचा फोन त्या अ‍ॅपला चालतो आणि तू कालच दुरुस्त केलेला फोन चालत नाही. कारण ते फोन दुरुस्त आहे का हे बघत नाही, कंपनीचा शिक्का आहे का हे बघतं. आणखी एक. हीच कर्नेलची फट एकेकाळी तुम्हा पोरांना हवी असायची. २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झचं टॉवेलरूट आलं, तेव्हा एका बटणावर फोन रूट व्हायचा, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मालकाला मिळायचा. तोही कर्नेलमधल्या फटीतूनच. तेव्हा ती फट म्हणजे स्वातंत्र्य होतं आणि आता धोका? मग ठरव एकदा, फोन कोणापासून सुरक्षित ठेवायचाय? चोरापासून की मालकापासून?

आग्रही : दोन्ही उत्तरं एकाच फटीतून येतात, हे मान्य. मालकाला आत जायला फट लागावी, ही मुळात व्यवस्थेची लबाडी आहे. त्याला रीतसर दार असावं. पण मालकासाठी ठेवलेली फट चोराला वेगळी ओळखत नाही. म्हणून मी आजही म्हणेन, फट बुजवा आणि दार द्या. आज फट बुजते, दार मिळत नाही, आणि म्हणून तुमचा राग योग्य ठिकाणी आहे. फक्त त्या रागात अपडेट थांबवू नका. आपल्याकडे अपडेट आलं की लोक 'नंतर' दाबतात.

शंकेखोर : लोक मूर्ख म्हणून दाबत नाहीत. अपडेटनंतर फोन मंद झालेला त्यांनी पाहिलाय. जागा भरली म्हणून नातवंडांचे फोटो उडवावे लागलेत. एकाच सूचनेत नवी सजावट, नको असलेली अ‍ॅप आणि सुरक्षेची दुरुस्ती असं सगळं बांधून पाठवायचं आणि माणसाने नाही म्हटलं की त्याला बेपर्वा ठरवायचं, हे मला मान्य नाही. आणि बेपर्वा ठरवणं ही साधी गोष्ट नाही, त्यावर पैसे ठरतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं आणि डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तेच लागू केलं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत दुसरीकडे कुठे तरी आहे आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. आता सांग, जुन्या फोनचा कर्नेल फोडून ओटीपी वाचला गेला, तर हे कोणत्या खान्यात घालायचं?

आग्रही : माझ्या मते 'दुसरीकडे कुठे तरी'मध्ये. फट त्याने पाडली नाही, दुरुस्ती त्याला मिळाली नाही. आणि ग्राहकाची चूक सिद्ध करायचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलाय.

शंकेखोर : कागदावर. काउंटरवर काय होतं? बँकेच्या नोंदीत ओटीपी बरोबर, फोन नेहमीचा, नंबर त्याचाच. साहेब म्हणतात, ओटीपी तुम्हीच कोणाला तरी सांगितला असणार. एपीकेच्या फसवणुकीत निदान ती फाइल तरी दाखवता येते. कर्नेल हातात आलेला माणूस आपल्या खुणा पुसून जाऊ शकतो. साध्या फोनची अशी तपासणी करून देणार कोण आणि तिचा खर्च कोणाचा? पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या चौकशीत सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत काही तरी मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टासमोर ही अवस्था, तर ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) पेन्शनरने काय सिद्ध करायचं? नुकसान दाखवणं का अवघड हे तू सांगणार होतास. ते हेच. मघाशी मी विचारलं, आपल्याकडचा कोण सापडला? कदाचित कोणीच नाही. कदाचित काही जण सापडले आणि 'ओटीपी दिला असेल' या शेऱ्याखाली त्यांची फाइल बंद झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी. माझी शंका गेलेली नाही, पण ती आता दुसरीकडे वळलीय. फट वापरून चोरी झाली का, यापेक्षा मला ही भीती जास्त वाटते की फट आहे हे ठाऊक असताना आपण प्रत्येक वेळी माणसालाच दोषी धरतो.

आग्रही : आणि माझा आग्रहही अर्धाच उरला, हे कबूल करायला हवं. 'अपडेट करा' हा सल्ला अपडेट मिळणाऱ्यांसाठी आहे. न मिळणाऱ्याला तो दिला की सल्ल्याचाच आरोप होतो. मग मागणी वर जायला हवी. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनसाठी नियम लागू झालाय : त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं प्रणालीचे अपडेट द्यायचे. त्याच कंपन्या इथेही फोन विकतात. गूगल आणि सॅमसंग आपल्या भारी मॉडेलना सात वर्षांचं आश्वासन देतात, म्हणजे जमत नाही हा प्रश्न नाही. पाच-सात हजारांच्या फोनला ते परवडतं का, हा प्रश्न खरा आहे.

शंकेखोर : आणि त्याचं उत्तर तुझ्याकडेही नाही. पाच वर्षांची सक्ती केली तर तो फोन पाच हजारांत मिळेल का? नाही मिळाला, तर ज्याच्यासाठी आपण भांडतोय त्याच्या हातात फोनच राहणार नाही. सक्ती नाही केली, तर हातात फोन राहील आणि त्यात फट राहील. या दोहोंतलं बरं काय, हे त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय तू किंवा मी ठरवू नये.

आग्रही : ठरवू नये, पण त्याला ठरवता यावं इतकं तरी सांगावं. फोनच्या खोक्यावर रॅम, कॅमेरा, बॅटरी सगळं छापतात. सुरक्षेची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हेही छापा. याला काही खर्च येत नाही. सेकंडहँड फोन घेणाऱ्यालाही किंमत ठरवायला ती तारीख उपयोगी पडेल. सरकारने एखादं काम फोनवर टाकताना तीच तारीख पाहावी, आणि बँकेने तक्रार फेटाळण्यापूर्वीही.

शंकेखोर : एवढ्यापुरता मी तुझ्या बाजूने. तोवर वाचकांनी इतकं करावं. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून 'सिक्युरिटी पॅच लेव्हल'समोरची तारीख बघावी. ती वर्षापूर्वीची असेल आणि नवा अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर मोठ्या रकमेचं खातं ठेवू नये. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा, तीन दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. आणि 'ओटीपी तुम्हीच दिला' असं कोणी म्हटलं, तर ते सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, हे त्याला स्पष्ट सांगावं.